वय झालं म्हणण्याआधी टीएसएच बघा

आईच्या स्वयंपाकघरात दारामागे कॅलेंडर असतं आणि त्याच्या रोजच्या चौकटीत ती दुधाचा हिशोब लिहिते. सकाळी एक लिटर, संध्याकाळी अर्धा, पाहुणे असले की जास्तीचं. मला कळायला लागल्यापासून ही रीत. चार वर्षांपूर्वी गणपतीत माहेरी गेले होते, तेव्हा चहाला उकळी येईपर्यंत सहज त्या कॅलेंडरची पानं मागे उलटली. जानेवारी-फेब्रुवारीच्या चौकटी भरलेल्या, अक्षर नेहमीसारखं बारीक. एप्रिलपासून आकडे मोठे होत चौकटीबाहेर गेलेले. जूनमध्ये मध्येच चार-पाच दिवस कोरे. ऑगस्टमध्ये एका गुरुवारी तीनदा '१' लिहिलेला आणि त्यापुढचा अख्खा आठवडा रिकामा.

आई तेव्हा ६७ वर्षांची होती. दादा म्हणाला, "वय झालं आता." वहिनीला वाटत होतं, बाबा गेल्यापासून त्या मनातून खचल्यात. दोघांनाही दोष देता येत नाही, बाहेरून तसंच दिसत होतं. पण माझं कराडात मेडिकल आहे. बी. फार्म. होऊन काउंटरवर उभी राहिल्याला तेव्हा १८ वर्षं झाली होती. थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली दिली नाही असा एक दिवस जात नाही. आणि तरी आईची लक्षणं वर्षभर माझ्यासमोर असून मला ती जुळवता आली नाहीत. मे महिन्याच्या दुपारी ती शाल घेऊन बसायची. हातातल्या बांगड्या साबण लावूनही निघेनात. दर पंधरा दिवसांनी माझ्याकडून इसबगोल मागवायची. एकदा तिचा फोन माझ्या मुलाने घेतला आणि मला हाक मारली, "मामाचा फोन आहे." इतका तिचा आवाज घोगरा झाला होता. आणि "चहा टाकू का?" विचारलं की तीन-चार सेकंद ती नुसती बघत राहायची, मग म्हणायची, "टाक." उत्तर बरोबर असायचं. फक्त यायला उशीर व्हायचा.

डॉक्टरांनी तिची नाडी बघितली, ५४ भरली. मग तिला खुर्चीवर गुडघे टेकवून उभं केलं आणि टाचेच्या वरच्या शिरेवर छोट्या हातोडीने टकटक केलं. पाऊल झटकन हललं, पण परत जागेवर येताना पाण्यातून यावं तसं सावकाश आलं. ते म्हणाले, "मेंदूचा फोटो नंतर काढू. आधी रक्त." दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला : टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडलं की वाढणारा आकडा, ९८; थायरॉइडचं हार्मोन फ्री टी-४ फारच कमी, ०.२; बी-१२ सुद्धा कमी.

त्या दिवसापासून काउंटरवर माझं बोलणं वाढलं. जे सगळ्यांना तुकड्यातुकड्यांनी सांगते, ते इथे एकत्र लिहितेय. मी डॉक्टर नाही. डोस किती, कधी वाढवायचा हे तुमचे डॉक्टर ठरवतील. पण चिठ्ठी आणि पोट यांच्यामध्ये ज्या चुका होतात, त्या मी रोज बघते.

मेंदूचं काय होतं

रोज कोणीतरी म्हणतं, "ताई, माझं थायरॉइड वाढलंय." रिपोर्ट बघावा तर टीएसएच वाढलेलं, म्हणजे थायरॉइड कमी पडलेलं. टीएसएच हे थायरॉइडचं हार्मोन नव्हे. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, तिने गळ्यातल्या थायरॉइडला मारलेली ती हाक आहे. थायरॉइडकडून ओ येत नाही तशी हाक मोठी होते. साधारण ०.४ ते ४ ही नेहमीची पट्टी. आईची पिट्युटरी ९८ पर्यंत ओरडत होती.

थायरॉइड मुख्यतः टी-४ बनवते. मेंदू ते रक्तातून उचलतो आणि आपल्याच पेशींत त्याचं टी-३ करून वापरतो. हे कमी पडलं की मोठ्या माणसाच्या मेंदूचं काम मंदावतं. बोलणं, हिशोब, आठवण, मनाची उभारी, तोल, सगळ्याचा वेग उतरतो. म्हणूनच अशा माणसाला कधी डिप्रेशनच्या गोळ्या सुरू होतात, तर कधी म्हातारचळ म्हणून सोडून दिलं जातं. पण पेशी बहुतेक जागेवर असतात, त्यामुळे हार्मोन परत मिळालं की काम परत सुरू होतं. १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे नावाच्या डॉक्टरने अशाच एका ४६ वर्षांच्या बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. ती सुधारली आणि पुढे २८ वर्षं जगली. आज आपल्याकडे तेच हार्मोन लेव्होथायरॉक्सिन म्हणून गोळीत मिळतं. वर्षानुवर्षं अंगावर काढलं तर मात्र बाकीची कामं बिघडत जातात : कोलेस्टेरॉल वाढून रक्तवाहिन्या खराब होतात, रक्तातलं सोडियम उतरतं, झोपेत श्वास अडखळतो. हे सगळं शेवटी मेंदूवरच येतं.

पोटातल्या आणि नुकत्या जन्मलेल्या बाळाचं गणित वेगळं आहे. त्याचा मेंदू अजून बांधला जात असतो. त्या महिन्यांत हार्मोन मिळालं नाही, तर नंतर कितीही गोळ्या दिल्या तरी राहिलेलं काम पूर्ण होत नाही. म्हणून बाळाबद्दल शेवटी सविस्तर लिहिते.

तपासणी कोणी आणि कशी करायची

घरात कोणी हळू झालंय असं वाटलं, तर त्याच्याबरोबर शरीराची दोन-तीन लक्षणं शोधा. थंडी सोसत नाही, पोट साफ होत नाही, त्वचा कोरडी, आवाज जाड, डोळ्यांखाली सूज, भुवईची बाहेरची टोकं विरळ, नाडी मंद, बायकांमध्ये पाळीला जास्त जाणं. एकेकटं लक्षण कोणालाही असू शकतं. डोक्याची सुस्ती आणि यातली दोन-तीन एकत्र दिसली तर थांबू नका. थायरॉइडसाठी गळ्याची शस्त्रक्रिया किंवा रेडिओ-आयोडीनचा उपचार झालेला असेल, लिथियम (मनाच्या आजाराचं औषध) किंवा अमिओडारोन (हृदयाच्या ठोक्यांचं औषध) चालू असेल, घरात आई-बहिणीला थायरॉइड असेल, टाइप-१ मधुमेह किंवा अंगावर कोड असेल, तर काही वाटत नसलं तरी अधूनमधून तपासा. आपल्याकडच्या बहुतेकांचं कारण हाशिमोटोचा आजार असतं. त्यात शरीर स्वतःच्याच थायरॉइडवर हल्ला करतं. १९१२ साली हाशिमोटो या जपानी डॉक्टरने तो पहिल्यांदा नोंदवला. अँटी-टीपीओ या तपासणीत तो कळतो.

पहिल्या वेळी नुसतं टीएसएच न करता फ्री टी-४ही करून घ्या, आणि विसरभोळेपणासाठी तपासत असाल तर बी-१२, हिमोग्लोबिन, साखर आणि सोडियमही. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता किती असते ते माझ्या काउंटरवरून दिसतं. तीही मेंदूला तितकीच नडते आणि दोन्ही एकत्रही असतात. टीएसएचसाठी उपाशी राहायची गरज नाही. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी बंद करा. बायोटिनमुळे टीएसएच खोटं कमी दिसू शकतं आणि खरा आजार झाकला जातो. हे लॅबमध्ये सहसा कोणी विचारत नाही, तुम्हीच सांगा. थायरॉइडची गोळी आधीपासून चालू असेल तर त्या सकाळी रक्त दिल्यावर घ्या.

एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते. एखाद्या बाईचं बाळंतपणात खूप रक्त गेलं, नंतर दूधच आलं नाही, पाळी परत सुरू झाली नाही, आणि पुढे काही वर्षांनी ती सुस्त, थकलेली, विसराळू झाली, तर बिघाड पिट्युटरीतच असू शकतो. हाक मारणारीच गप्प झालेली असते. तेव्हा टीएसएच नॉर्मल येतं आणि टी-४ कमी येतं. नुसतं टीएसएच बघून "थायरॉइड नाही" म्हणून अशी बाई घरी परत जाते. बाळंतपणाची ती हकीकत डॉक्टरांना जरूर सांगा, कारण यात बऱ्याचदा थायरॉइडच्या गोळीच्या आधी स्टिरॉइड सुरू करावं लागतं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. सत्तरीतल्या माणसाचं टीएसएच ५ किंवा ६ आलं आणि टी-४ ठीक असेल, तर घाबरून गोळी मागू नका. वयाबरोबर ते थोडं वर सरकतंच. २०१७ साली युरोपात ६५ वर्षांवरच्या ७३७ लोकांवर झालेला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. इतक्या सौम्य कमतरतेत गोळीने त्यांच्या थकव्यात किंवा त्रासात फरक पडला नाही. दोन-तीन महिन्यांनी परत तपासा, डॉक्टरांशी बोला. माझ्या आईचं ९८ होतं, ती गोष्ट निराळी.

गोळी पोटात जाते, पण अंगात जाते का?

आईला २५ मायक्रोग्रॅमने सुरुवात केली. वय झालेल्या किंवा हृदयाचा त्रास असलेल्या माणसाला कमीपासूनच सुरू करतात. एकदम पूर्ण डोस दिला तर हृदयावर ताण येतो. तरुण माणसाला डॉक्टर वजनाप्रमाणे, साधारण किलोमागे १.६ मायक्रोग्रॅमपर्यंत नेतात. सहा आठवड्यांनी आईची ५०ची झाली. पुढच्या तपासणीत टीएसएच ३४ आलं, त्याच्या पुढच्या वेळी ३२. अडकलंच. डॉक्टर डोस वाढवणार होते, तेव्हा मी दोन दिवस रजा काढून माहेरी जाऊन राहिले.

पहाटे साडेपाचला आई उठली. चूल पेटवावी तसं तिचं पहिलं काम गॅस पेटवून चहा. कप भरला, बशीत ओतला, फडताळातून गोळी काढली आणि चहाच्या घोटाबरोबर गिळली. "पाण्याबरोबर घशात अडकते गं," म्हणाली. तासाभराने नाश्ता, आणि नाश्त्याबरोबर गुडघ्यांसाठी दिलेली कॅल्शियमची गोळी. ती कॅल्शियमची गोळी मीच पाठवली होती.

रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर काहीही नाही. चहा नाही, कॉफी नाही, दूध नाही. आपल्या घरांत सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. कॅल्शियम, लोह, अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध, मल्टिव्हिटॅमिन हे सगळं चार तासांच्या अंतराने. अ‍ॅसिडिटीची रोजची कॅप्सूल चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, तिच्यामुळे डोस जास्त लागू शकतो. सोयाबीनचं पीठ, सोया दूध रोज घेत असाल तर तेही सांगा.

चहा सुटत नसेल तर भांडत बसू नका, वेळ बदला. रात्री झोपताना घेतली तरी चालते, फक्त शेवटच्या जेवणाला तीन तास झालेले हवेत. आई संध्याकाळी सातला जेवते, म्हणून डॉक्टरांना विचारून आम्ही रात्री दहाची वेळ धरली. उशाशी तांब्या-भांडं आणि बाटली. कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर गेलं. डोस न वाढवता आठ आठवड्यांनी टीएसएच ११ आलं. मग ७५ झाली आणि आणखी दोन महिन्यांनी ३.१. मध्ये घाई करून रक्त तपासण्यात अर्थ नसतो. हे हार्मोन शरीरात आठवडाभराने निम्मं होतं, त्यामुळे डोस बदलल्यावर नवी पातळी स्थिर व्हायला सहा ते आठ आठवडे जातातच.

दुकानात येताना "थायरॉइडची द्या" एवढंच म्हणू नका. २५, ५०, ७५, ८८, १०० अशा किती तरी ताकदीच्या बाटल्या शेजारी शेजारी असतात. जुनी बाटली किंवा चिठ्ठी आणा आणि मायक्रोग्रॅमचा आकडा मोठ्याने वाचून घ्या. शक्यतो एकच कंपनी ठेवा. बदलावी लागली तर सहा-आठ आठवड्यांनी तपासणी करा. गोळी ओल, ऊन आणि उष्णतेने खराब होते. शेगडीजवळचं फडताळ, फ्रिजचा माथा, खिडकी या तिन्ही जागा वाईट. गोळ्या मूळ बाटलीतच, झाकण घट्ट लावून, कपड्यांच्या कपाटात ठेवा.

आणि आता ज्या एका वाक्याने माझा जीव खालीवर होतो ते : "रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणून बंद केली." अहो, गोळी चालू होती म्हणून नॉर्मल आला! थायरॉइडची ग्रंथी कायमची गेलेली असेल तर गोळी कायमची. बंद केल्यावर लगेच काही होत नाही, साठा पुरतो, आणि म्हणूनच माणसाला वाटतं की गरज नव्हती. दोन-तीन महिन्यांनी तोच माणूस दुकानाच्या पायरीवर टेकून बसतो आणि कशाला आलो ते त्याला आठवत नाही. काढा घ्या, योगासनं करा, मी आड येत नाही. गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका.

वजन उतरावं म्हणून स्वतःच डोस वाढवणारेही असतात. कृपा करून नको. हार्मोन जास्त झालं की छाती धडधडते, हृदयाचे ठोके अनियमित होतात, त्यातून रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत गेली की पक्षाघात. मेंदू वाचवायला घेतलेली गोळी मेंदूवरच उलटते.

सुधारणा कशी ओळखायची

आधी पोट साफ व्हायला लागलं. मग थंडी कमी झाली, मग आवाज. डोकं सगळ्यात शेवटी आलं. दोन महिन्यांत चमत्कार होईल असं धरून बसलेले लोक निराश होऊन गोळी सोडतात. डोक्याला सहा महिने द्या, काहींना त्याहून जास्त लागतात.

रिपोर्टबरोबर घरातली एक मोजपट्टी ठेवा. आमची कॅलेंडर होती. आईला सांगितलं, दुधाचा हिशोब कोणी तुझ्याऐवजी लिहिणार नाही, तूच लिही. पहिले दोन महिने निम्म्या चौकटी कोऱ्या. संक्रांतीच्या सुमारास आठवड्यात एखादीच राहायला लागली. मार्चमध्ये तिने फोन करून मला सांगितलं की गवळ्याने अर्धा लिटर जास्त लावलाय, मंगळवारी ती गावाला होती आणि दूध घेतलंच नव्हतं. मी फोन ठेवला आणि काउंटरमागच्या स्टुलावर बसून रडले. तुमच्याकडे दुसरं काही असेल : रोजचं शब्दकोडं, पोथीची पानं, भिशीचा हिशोब. महिन्यातून एकदा त्याकडे नीट बघा आणि तारखेसह लिहून ठेवा, डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो.

आईचं सगळं परत आलं असं मी म्हणणार नाही. नातेवाइकांची नावं अजून उशिरा येतात. त्यातलं थायरॉइडचं किती आणि वयाचं किती, कोण सांगणार. टीएसएच सहा महिने चांगलं राहूनही डोकं तसंच असेल, तर डोस आणखी वाढवून घेण्याचा हट्ट धरू नका. बी-१२, लोह, रात्रीचं घोरणं, ऐकू कमी येणं, डिप्रेशन, हे सगळं तपासायला लावा. खरोखरचा स्मृतिभ्रंश असला तर तोही वेळेत कळलेला बरा.

तातडीचं एक. ज्याचं थायरॉइड कमी आहे, ज्याने गोळ्या सोडल्यात किंवा कधी घेतल्याच नाहीत, असा वयस्क माणूस हिवाळ्यात किंवा न्यूमोनियासारख्या आजारात फार झोपाळू झाला, अंग गार पडलं, श्वास सावकाश झाला, भलतंच बोलायला लागला, तर सकाळची वाट बघू नका. १०८ला फोन करा. झोपेची गोळी देऊ नका. गरम पाण्याच्या पिशव्याही लावू नका, त्याने रक्तदाब एकदम पडू शकतो. नुसतं घोंगडं पांघरा आणि निघा.

मिठाबद्दल थोडक्यात. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी होतो हे दाखवलं, आणि १९६२ साली देशात गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. घरात पोहोचलेल्या मिठात किमान १५ पीपीएम (दहा लाख भागांत १५ भाग) आयोडीन असायला हवं. हल्ली बरीच घरं शुद्ध म्हणून पूर्णपणे सैंधवावर गेलीत, त्यात मुद्दाम घातल्याशिवाय पुरेसं आयोडीन नसतं. उपवासाला सैंधव ठीक, पण रोजच्या आमटीत आयोडीनचं मीठच, विशेषतः घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर. उलट आयोडीनच्या गोळ्या, समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल मनाने घेऊ नका, हाशिमोटोत त्या त्रास वाढवू शकतात. शिजवलेली कोबी-फ्लॉवरची भाजी नेहमीच्या प्रमाणात खुशाल खा.

दिवस राहिल्यावर

माझ्या भाचीचं थायरॉइड लग्नाआधीपासून कमी. तिला मी आधीच सांगून ठेवलं होतं : किटवर दोन रेषा दिसल्या की आईला नंतर कळव, आधी डॉक्टरांना फोन कर. पहिले तीन महिने बाळाची स्वतःची थायरॉइड नीट चालू झालेली नसते, ते आईच्याच हार्मोनवर असतं. आणि नेमक्या त्याच वेळी आईची गरज पाव ते निम्म्याने वाढते. म्हणून अनेक डॉक्टर आधीच सांगून ठेवतात, की कळल्या दिवसापासून आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या घे आणि लगेच भेट. तुमच्या डॉक्टरांशी हे दिवस राहायच्या आधी ठरवा. मग पाचव्या महिन्यापर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच, आणि ते साधारण २.५ च्या खाली ठेवायचं. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गरोदरपणात ज्यांच्या थायरॉइडवर उपचार झालेच नव्हते त्या बायकांच्या मुलांचा बुद्ध्यांक सात ते नऊ वर्षांच्या वयात सरासरी ७ गुणांनी कमी निघाला होता.

लोह आणि कॅल्शियम गरोदरपणात सगळ्यांनाच देतात, म्हणून चार तासांचं अंतर इथे सगळ्यात महत्त्वाचं. भाचीने थायरॉइडची पहाटे पाचला, लोह दुपारी, कॅल्शियम रात्री असं लावलं होतं. बाळंत झाल्यावर डोस बहुतेकदा जुन्यावर येतो, तोही विचारून.

बाळाची टाच

जन्मजात थायरॉइड कमी असलेलं बाळ आपल्या देशात साधारण हजारात एक जन्मतं. जन्मल्यावर ते बाकीच्या बाळांसारखंच दिसतं, कारण आईचं थोडं हार्मोन अंगात असतं. मग कावीळ लवकर उतरत नाही, शी नीट होत नाही, जीभ मोठी वाटते, बेंबी फुगते, रडणं घोगरं. आणि बाळ खूप झोपतं. घरात कौतुक होतं, "किती गुणी आहे, रडत नाही." लक्षणं स्पष्ट दिसेपर्यंत मेंदूचे मोलाचे आठवडे निघून गेलेले असतात. म्हणून लक्षणांची वाट बघायची नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, म्हणजे ४८ ते ७२ तासांत, बाळाच्या टाचेला टोचून कागदावर रक्ताचे थेंब घेतात, त्यातून टीएसएच कळतं. काही ठिकाणी नाळेच्या रक्तातून करतात. गोव्याने २००८ साली सरकारी दवाखान्यांत अशी तपासणी सुरू केली होती. आपल्याकडे सगळीकडे ती आपोआप होईल असं धरू नका. घरी सोडण्याआधी स्पष्ट विचारा, "टाचेच्या रक्ताचं टीएसएच केलं का? रिपोर्ट कधी, कोणाकडून मिळेल?" पहिल्याच दिवशी घरी सोडलं असेल तर तपासणीसाठी परत न्या, कारण जन्मानंतर दिवसभर टीएसएच तसंही वर गेलेलं असतं.

उपचार पहिल्या १४ दिवसांत सुरू व्हायला हवेत. वेळेत सुरू झाले तर ही मुलं बाकीच्यांसारखी वाढतात, शाळेत जातात, अभ्यास करतात. मागच्या वर्षी एक जोडपं नऊ दिवसांच्या बाळाची चिठ्ठी घेऊन आलं. २५ची दीड गोळी. तीन किलोच्या बाळाला एवढी कशाला, म्हणून वडील घाबरले होते. नवजात बाळाला किलोमागे १० ते १५ मायक्रोग्रॅम लागतं, मोठ्या माणसापेक्षा कितीतरी पट जास्त, कारण मेंदू वाढतोय. मी त्यांना काउंटरवरच करून दाखवलं. दोन स्टीलचे चमचे उकळून कोरडे केलेले. गोळी एका चमच्यात, दुसऱ्या चमच्याच्या पाठीने दाबून भुकटी. त्यात आईच्या दुधाचे किंवा उकळून गार केलेल्या पाण्याचे काही थेंब, आणि गालाच्या आतल्या बाजूने हळूहळू सोडायचं. मग चमच्यात पुन्हा दोन थेंब फिरवून तेही पाजायचे, चमच्याला लागलेलं औषधही डोसच आहे. दुधाच्या बाटलीत मिसळायचं नाही, बाळाने बाटली अर्धी सोडली तर अर्धा डोस गेला. आदल्या रात्री भुकटी करून ठेवायची नाही. बाळाने लगेच उलटी केली तर काय करायचं, ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवायचं. पहिली तीन वर्षं एकही दिवस चुकवायचा नाही. आणि पहिली फेरतपासणी दोन आठवड्यांच्या आतच असते. त्या बाटलीच्या झाकणावर मी मार्करने ती तारीख लिहून दिली.